डमी अंकाबरोबर हिशेबाची वहीही मागा

प्रति,
मुंबईतील मास मीडिया व पत्रकारिता विभागांचे प्रमुख आणि प्रकल्प तपासणारे अध्यापक,

सप्रेम नमस्कार.

मासिकाचा डमी अंक, म्हणजे विक्रीला न जाणारा नमुना अंक, हा विद्यार्थ्यांचा ठरलेला प्रकल्प. विषय निवडायची मुभा दिली की एखादा तरी गट तंत्रज्ञानाचे मासिक काढतो. मुखपृष्ठावर चकचकीत फोन, आत दोन परीक्षणे, एक मुलाखत, संपादकीय, आणि सोबत एखाद्या नामवंत मासिकाच्या संस्थापकाच्या कारकिर्दीवर निबंध. निबंधातला संस्थापक हमखास द्रष्टा असतो. लोक त्याला हसतात, तो डगमगत नाही, शेवटी जग त्याच्यामागे येते. मांडणीला गुण, भाषेला गुण, मुखपृष्ठाला गुण, की प्रकल्प संपला.

आमची मागणी साधी आहे. डमीबरोबर चार कागद मागा: नाव कोणाच्या मालकीचे, वर्गणीचे आगाऊ पैसे कुठे, छपाईचा हिशेब काय आणि स्टॉलवरून परत किती आले. तंत्रज्ञानाची मासिके काढणाऱ्यांच्या कारकिर्दी द्रष्टेपणावर कमी आणि या कागदांवर जास्त ठरल्या आहेत. संस्थापकाचा निबंध लिहून घ्यायचाच असेल, तर तोही याच कागदांच्या अंगाने लिहून घ्यावा.

वेन ग्रीन यांचेच घ्या. जन्म १९२२, मृत्यू २०१३. अमेरिकेतले हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम. १९६० च्या ऑक्टोबरात त्यांनी ‘७३’ हे हॅम मंडळींचे मासिक सुरू केले. तारयंत्राच्या भाषेत ७३ म्हणजे ‘शुभेच्छा’. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा संगणक झळकला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ग्रीन यांच्या पुढाकाराने ‘बाइट’चा पहिला अंक निघाला. सोल्डरिंग करणारा, सुटे भाग टपालाने मागवणारा वाचक ‘७३’मुळे त्यांना आधीच ठाऊक होता. संपादक म्हणून कार्ल हेल्मर्स आले. ते आधीपासून संगणकजोडणीचे एक छोटे वार्तापत्र चालवत होते. विषय, वेळ, माणसे, वाचक, सगळे जुळून आले होते.

फक्त कंपनी कागदोपत्री ग्रीन यांच्या घटस्फोटित पत्नीच्या, व्हर्जिनिया लंडनर ग्रीन यांच्या नावावर होती. काही महिन्यांतच ‘बाइट’ ग्रीन यांच्या हातून गेले. ते वाढत राहिले, १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिल या प्रकाशन कंपनीने विकत घेतले आणि छापील रूपात १९९८ पर्यंत चालले. ग्रीन यांनी मग दुसरे मासिक काढायला घेतले आणि नाव ठरवले ‘किलोबाइट’. त्या नावावर ‘बाइट’वाल्यांनी आधीच हक्क सांगितला. शेवटी जानेवारी १९७७ मध्ये ते ‘किलोबॉड’ म्हणून बाहेर पडले. एकाच माणसाला नावाच्या मालकीने दोनदा अडवले आणि दोन्ही वेळा अडचण लेखणीची नव्हती.

आता हेच मुंबईत आणून पाहा. चार मित्र मासिक काढतात. नाव एकाला सुचते, डोमेन दुसऱ्याच्या क्रेडिट कार्डावर घेतले जाते, इन्स्टाग्रामचे खाते तिसऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर असते आणि नोंदणीच्या अर्जात मालक म्हणून चौथ्याचे नाव, कारण त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा होता. वर्षभराने भांडण झाले की मासिक चार तुकड्यांत कोणाकडे जायचे? विद्यार्थ्यांना हा तक्ता भरायला लावा. नोंदणी, ट्रेडमार्क, डोमेन, समाजमाध्यमांची खाती, वर्गणीदारांची यादी, मांडणीच्या मूळ फाइल, फाँटचे परवाने: प्रत्येकापुढे मालकाचे नाव आणि पासवर्ड कोणाकडे ते. एकाच संस्थेचे नाव सगळीकडे येत नसेल तर तो डमी अपुरा.

नोंदणी आता प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ प्रमाणे होते. तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि १८६७ चा जुना कायदा गेला. नाव आणि नोंदणी यांचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच करायचा असतो. जिल्हा प्रशासनाला म्हणणे मांडायला ६० दिवस मिळतात. नावाचा नियम नीट समजावून द्या. त्याच भाषेत देशात कुठेही, किंवा त्याच राज्यात कोणत्याही भाषेत, तेच किंवा तसेच नाव दुसऱ्याकडे असेल तर ते मिळत नाही. म्हणून मराठी मासिकासाठी नाव शोधताना महाराष्ट्रातली इंग्रजी, हिंदी, गुजराती, उर्दू नावेही पाहावी लागतात. ‘टेक’, ‘डिजिटल’, ‘सायबर’ असे शब्द लावून केलेली नावे इथेच अडतात. पाच पर्याय काढून ठेवावेत, आणि नाव पक्के होईपर्यंत बोधचिन्हावर पैसा घालू नये.

नोंदणी मिळाली म्हणजे नाव आपले झाले हा दुसरा गैरसमज. ट्रेडमार्क वेगळा. त्याची कचेरी आपल्या गावातच आहे, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. छापील मासिकासाठी वर्ग १६, प्रकाशन आणि कार्यक्रमांसाठी वर्ग ४१, डिजिटल आवृत्तीसाठी वर्ग ९. अर्जाचा नमुना टीएम-ए. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. तिन्ही वर्ग घेतले तरी १३,५०० रुपये होतात. डमीच्या मुखपृष्ठावर मॉडेल उभे करण्यात याहून जास्त जातात.

परवान्यावर घेतलेल्या परदेशी नावाचीही बाजू आहेच. मुंबईच्या जसुभाई डिजिटल मीडियाने ‘चिप’ या जर्मन मासिकाची भारतीय आवृत्ती काढली होती. २००१ मध्ये ते मासिक ‘डिजिट’ झाले आणि पुढे ९.९ मीडियाकडे गेले. वाचक तोच, कपाटावरची जागा तीच आणि नाव नवे. ते वाचकाच्या गळी उतरवायचे म्हणजे कित्येक अंकांचे काम. परवान्याच्या करारात मुदत किती आणि मुदत संपल्यावर वर्गणीदारांची यादी कोणाची, ही दोन कलमे विद्यार्थ्यांकडून लिहून घ्या.

डेव्हिड बनेल यांची गोष्ट अधिक सांगितली जाते, पण अर्धी. १९८२ मध्ये त्यांनी ‘पीसी मॅगझिन’ काढले. भांडवल टोनी गोल्ड यांचे. मासिक धडाधड वाढले, गोल्ड यांनी ते झिफ-डेव्हिस या प्रकाशन कंपनीला विकले, आणि बनेल ५२ पैकी ४८ सहकाऱ्यांना घेऊन बाहेर पडले. पॅट मॅकगव्हर्न यांच्या आयडीजी या प्रकाशन कंपनीच्या पैशावर १९८३ मध्ये ‘पीसी वर्ल्ड’ उभे राहिले. मालकीचा वाद कोर्टात गेला. पुढे २४ जानेवारी १९८४ ला ॲपलचा मॅकिंटॉश संगणक बाजारात आला तेव्हा ‘मॅकवर्ल्ड’चा पहिला अंकही तयार होता. सांगणारे ४८ जणांच्या निष्ठेवर थांबतात. मालकीतला वाटा पहिल्या दिवशी सहीशिक्क्याने ठरला असता तर ४८ जणांना उठावे लागले नसते, हे सांगायचे राहून जाते.

याच ‘पीसी मॅगझिन’मधली एक गोष्ट मात्र छपाईच्या तासाला सोन्यासारखी आहे. तिसऱ्या अंकापासूनच ते इतके जाड झाले की मधोमध पिना मारून चालेना, कणा असलेली पुस्तकी बांधणी करावी लागली. डिसेंबर १९८३ चा अंक ८०० पानांपर्यंत गेला. १९८४ पासून त्यांनी महिन्याला दोन अंक सुरू केले, प्रत्येकी ४०० पानांच्या आसपास. जाहिराती वाढल्या की नफा वाढतो, एवढेच पुस्तकात असते. जाहिरातीबरोबर कागद, प्लेटा, बांधणी आणि टपाल हेही चढते, आणि ते चढतात पायऱ्यांनी.

या पायऱ्या वर्गात फळ्यावर मांडता येतात. साधारण ए-४ आकाराचे, आतली ६४ पाने आणि मुखपृष्ठाची ४, असे मासिक घ्या. २३ बाय ३६ इंची कागदावर एका तावात १६ पाने बसतात, म्हणजे एका प्रतीला चार ताव. कागद ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा, असेल तर एका तावाचे वजन सुमारे ३७ ग्रॅम, ५०० तावांच्या रिमचे १८.७ किलो. ५,००० प्रतींना २०,००० ताव, म्हणजे ४० रिमे. मशीन लावताना आणि बांधणीत वाया जाणारे ५ टक्के धरले की ४२ रिमे, जवळजवळ ७८५ किलो. चार रंगांत दोन्ही बाजूंनी छापायचे तर एका फॉर्मला, म्हणजे १६ पानांच्या तावाला, छपाईच्या ८ प्लेटा, चार फॉर्मना ३२, मुखपृष्ठाच्या ८, एकूण ४०. दर कोणताही घाला, हा सांगाडा बदलत नाही.

आता जाहिरात विभाग शेवटच्या दिवशी चार पानांच्या जाहिराती घेऊन येतो. सगळे खूश. पण ६८ पाने म्हणजे चार पूर्ण फॉर्म आणि वर एक पाव. त्या पावासाठी वेगळे मशीन लावा, वेगळ्या प्लेटा काढा, वेगळी घडी घाला. त्यापेक्षा ७२ करणे शहाणपणाचे. आठ पानांचा अर्धा फॉर्म वर्क अँड टर्नने चारच प्लेटांत निघतो. ताव उलटवून त्याच प्लेटांनी मागची बाजू छापायची आणि मधून कापायचा. मग उरलेली चार पाने मजकुराने भरावी लागतात आणि तो मजकूर आधीच तयार असावा लागतो. म्हणून जाणता संपादक दोन ‘शिळे न होणारे’ लेख कायम हाताशी ठेवतो. डमी अंकाच्या तोंडी परीक्षेत हाच प्रश्न विचारून पाहा: रात्री आठ वाजता चार पाने वाढली, काय कराल?

पिना मारायच्या की कणा करायचा, हेही मोजून ठरते. पिनांच्या बांधणीत आतली पाने बाहेर सरकतात. ८० पानांच्या अंकात ७० जीएसएमच्या कागदावर ते सरकणे दीड-दोन मिलिमीटरपर्यंत जाते आणि कटाई झाल्यावर मधल्या पानांचे पृष्ठांक कडेला चिकटलेले दिसतात. पृष्ठांक बाहेरच्या कडेपासून निदान ८ मिलिमीटर आत असावा. पुस्तकी बांधणीत उलटे होते. ७२ पानांचा कणा जेमतेम ३ मिलिमीटरचा भरतो. त्यावर नाव छापले तर ते हमखास एका बाजूला उतरते. गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर साधा गरम डिंक त्याला नीट धरत नाही, आणि अंक सपाट उघडला की पाने सुटतात. शिवणीकडचा समास १५ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवला तर तक्त्यांचे पहिले आकडे घडीत जातात. फोनांच्या तुलनेच्या तक्त्यात पहिला रकाना किमतीचा असतो, हे वेगळे सांगायला नको.

मुंबईचा पावसाळा हा या हिशेबातला न बोलावलेला भागीदार. जुलैत आलेला कागद मशीनखोलीत दिवसभर तरी वेष्टनातच बांधलेला ठेवावा लागतो, नाहीतर कडा लाटांसारख्या होतात आणि रंग एकमेकांवर बसत नाहीत. शाई वाळायला वेळ लागतो. घाईत घडी घातली की समोरच्या पानावर डाग उमटतो. मग गणपती, आणि गणपती उठले की छापखान्यात दिवाळी अंकांची रांग. ऑक्टोबरचा अंक वेळेवर हवा असेल तर बांधणीवाल्याकडे तारीख ऑगस्टमध्येच लिहून घ्यायची. तोंडी नको.

मराठी अक्षरांचा भाग तर कोणत्याही परदेशी संस्थापकाच्या चरित्रात सापडणार नाही. जुने लेखक अजून श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत मजकूर देतात. तो युनिकोडमध्ये फिरवला की ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ फुटतात, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरे येतात, अंक बदलतात. फिरवल्यावर हे सगळे शोधून तपासण्याची एक यादी हवी. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय, लावली नाही तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते. पडद्यावर एका संगणकात बरोबर दिसते म्हणून भुलू नये. छापखान्याला फाँट एम्बेड केलेली पीडीएफच द्यावी आणि प्रूफ त्याच पीडीएफचे वाचावे.

तंत्रज्ञानाच्या मासिकात प्रोग्रॅम छापायचा असेल तर आणखी एक खड्डा. मांडणीचे सॉफ्टवेअर सरळ अवतरणचिन्हे आपोआप वळणदार करते, दोन सलग उणे चिन्हांची एक लांब रेघ करते. वाचक तसेच टंकतो आणि प्रोग्रॅम चालत नाही. ऐंशीच्या दशकात संगणक मासिकांतले प्रोग्रॅम लोक हातानेच टंकत, आणि चुकीची ओळ सापडावी म्हणून ‘कॉम्प्यूट्स गॅझेट’ने १९८३ मध्ये ओळीओळीचा तपासणी-आकडा देणारा एक छोटा प्रोग्रॅमच छापायला सुरुवात केली. वाचकाच्या पत्रांचा ढीग कमी करण्याचा हा उपाय होता. आज दुवा किंवा क्यूआर कोड छापता येतो, पण तो ज्या पत्त्यावर जातो तो स्वतःच्या डोमेनवर असावा. फुकटच्या लघुदुव्याची सेवा बंद पडली की छापलेला अंक मुका होतो.

आता पैसा. वर्गणी हे उत्पन्न वाटते. ते आधी देणे असते. वार्षिक वर्गणी ६०० रुपये, १,००० वर्गणीदार, म्हणजे पहिल्याच महिन्यात ६ लाख हातात. छपाई, पाकीट आणि टपाल मिळून प्रत्येक अंकाला ४२ रुपये धरा. बारा अंक, हजार माणसे: ५,०४,००० रुपयांचे देणे त्याच दिवशी तयार झाले. खरे सुटतात ९६,०००, तेही वर्षभरात थोडेथोडे. संस्थापकाने त्यातून ३ लाख कचेरीच्या डिपॉझिटला दिले की उरलेल्या पैशात सात अंक निघतात. आठवा अंक नव्या वर्गणीदाराच्या पैशातून काढावा लागतो. नवी वर्गणी थांबली की मासिक ‘काही अपरिहार्य कारणामुळे’ जोडअंक काढू लागते. जोडअंक दिसू लागले की जुन्या वाचकाला काय ते कळते. वर्गणीचे खाते वेगळे ठेवावे आणि दर महिन्याला अंक टपालात पडल्यावरच बाराव्या हिश्श्याची रक्कम चालू खात्यात घ्यावी. दोन ओळींचा नियम आहे. तो मोडलेला असणे हे बंद पडलेल्या मासिकांच्या हिशेबात सर्रास दिसते.

टपालाची सवलत हवी तर वेळापत्रक पाळावे लागते. मुंबईच्या मासिकांच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात ‘पत्रिका चॅनल सॉर्टिंग ऑफिस, मुंबई ४००००१’ आणि महिन्यातल्या ठरलेल्या तारखा छापलेल्या असतात. विद्यार्थी ती ओळ शोभेची समजून डमीत तशीच उतरवतात. ती नोंदणीकृत नियतकालिकाच्या टपालदराशी बांधलेली ओळ आहे. ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या कचेरीत अंक पोहोचला नाही तर सवलत सोडून साध्या दराने पाठवायची वेळ येते. वजनाचेही तसेच. वरच्या मासिकाची कापलेली प्रत, मुखपृष्ठ १७० जीएसएमचे धरून, साधारण १५५ ग्रॅमची होते. एक १६ पानी फॉर्म वाढला की ३४ ग्रॅमची भर. टपालाचा पुढचा टप्पा तिथे लागतो का, हे छपाईला जाण्याआधी पाहायचे. पुरवणी घातली, फुकट स्टिकर घातला, की ते वजनही धरायचे.

स्टॉलचा हिशेब आणखी कडू. छापील किंमत ६० रुपये. वितरक आणि विक्रेता मिळून ४० टक्के गेले असे समजा. प्रकाशकाला ३६. छपाईला प्रत ३० रुपये, म्हणजे सहा रुपये सुटले असे विद्यार्थी लिहितात. पण स्टॉलवर माल विकला तर पैसे, नाहीतर परत. ३,००० प्रती पाठवल्या, १,३५० विकल्या, तर मिळाले ४८,६०० आणि छपाईला गेले ९०,०००. विकलेल्या प्रत्येक प्रतीला छपाईच जवळजवळ ६७ रुपये पडली. त्याऐवजी २,००० पाठवून १,२०० विकल्या तर छपाई प्रतीला ३३ रुपये झाली तरी खर्च ६६,००० आणि मिळकत ४३,२००. तूट निम्म्याजवळ येते. जाहिरातदाराला खप मोठा दाखवायचा मोह असतो म्हणून प्रती जास्त छापल्या जातात. खपाची तपासणी करणारे ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स १९४८ पासून मुंबईतच आहे आणि त्याचे दाखले सहामाही असतात. छापलेल्या आणि खपलेल्या प्रतींतला फरक पुढेमागे उघडा पडतोच.

जाहिरातीबद्दल थोडक्यात. एजन्सीमार्फत आलेल्या जाहिरातीत परंपरेने १५ टक्के तिचे. जागेच्या विक्रीवर ५ टक्के जीएसटी. मासिकाच्या विक्रीवर नाही. रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्याची मागणी, लेखी आल्याशिवाय पान अडवू नये, छापल्यावर पुराव्याची प्रत, म्हणजे व्हाउचर कॉपी, त्याच आठवड्यात जावी, नाहीतर बिल अडकते. परीक्षणासाठी आलेल्या प्रत्येक फोन-लॅपटॉपची नोंदवही असावी: कधी आला, कोणाकडे आहे, कधी परत गेला. संपादकाच्या घरी राहिलेल्या लॅपटॉपने मासिकाची अब्रू जशी जाते तशी वाईट लेखानेही जात नाही.

संस्थापक निवडताना एक पाहा, की त्याचा दुसरा धंदा कोणता होता. मॅकगव्हर्न यांनी १९६४ मध्ये आयडीसी ही बाजाराची माहिती विकणारी कंपनी काढली, आणि ‘कॉम्प्यूटरवर्ल्ड’ हे साप्ताहिक १९६७ मध्ये. प्रदीप गुप्ता यांच्या सायबर मीडियाचे ‘डेटाक्वेस्ट’ १९८२ च्या डिसेंबरात सुरू झाले. पुढे भारतीय आयटी कंपन्यांची त्याची वार्षिक क्रमवारी या धंद्यात मापदंड ठरली. म्हणजे बातमीइतकेच मोल आकडेवारीला होते. ह्यूगो गर्न्सबॅक यांची तर आधी रेडिओचे सुटे भाग टपालाने विकण्याची कंपनी होती, १९०५ ची. त्यांचे ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ हे मासिक १९०८ मध्ये आले. १९२९ मध्ये त्यांची प्रकाशन कंपनी दिवाळखोरीत गेली, मासिके हातून गेली, आणि त्याच वर्षी त्यांनी नवी मासिके उभी केली. वाचक कोण आणि कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला नाव पुन्हा मिळवता येते.

आपल्याकडेच पाहायचे तर शंकरराव किर्लोस्कर. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे ‘किर्लोस्कर खबर’ १९२० मध्ये निघाले. मालाची माहिती गिऱ्हाइकाला द्यायचे ते साधन होते. पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ (१९३०), ‘मनोहर’ (१९३४) असा त्याचा प्रकाशनाचा संसार झाला. तंत्रज्ञानाच्या मराठी मासिकाची मुळे शोधायला विद्यार्थ्यांना कॅलिफोर्नियाला पाठवायची गरज नाही.

दुसऱ्या टोकाला ग्रीन यांचेच ‘८० मायक्रो’. १९८० मध्ये सुरू झालेले हे मासिक टँडी कंपनीच्या टीआरएस-८० या एकाच संगणकाचे. त्या यंत्राचा बहर होता तोवर अंक जाडजूड. ग्रीन यांनी १९८३ मध्ये आपली संगणक मासिके आयडीजीच्या गटाला विकली. यंत्र मागे पडले आणि १९८८ मध्ये ‘८० मायक्रो’ बंद झाले. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत आम्हाला १९८३ चा हा विक्रीचा सौदा सर्वांत शहाणा वाटतो, आणि निबंधांत त्याला एक ओळही मिळत नाही. एका कंपनीच्या फोनवर किंवा एका ॲपवर मासिक उभे करणाऱ्या आजच्या गटाला विचारा, की ते यंत्र गेले तर यादीतला वाचक कशासाठी थांबेल.

यादीचाही कायदा बदलला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या चौकटीत वर्गणीदारांचे पत्ते आणि फोन संमतीशिवाय दुसऱ्याला देणे बसत नाही. वर्गणीच्या अर्जावर संमतीची वेगळी चौकट हवी, आणि ती आधीच टिक केलेली नसावी. लेखकांचे हक्कही कागदावर घ्या. पगारी नसलेल्या लेखकाच्या लेखाचा कॉपीराइट लेखकाचाच असतो. लेखी हस्तांतरात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरला जातो. दहा वर्षांनी जुन्या अंकांचा डिजिटल संग्रह विकायला काढला की ही ओळ आठवते.

या सगळ्यासाठी वर्गाबाहेर फार लांब जावे लागत नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे ज्या चार ग्रंथालयांना प्रकाशित साहित्याची प्रत द्यावी लागते, त्यांतले एक एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये आहे. कोणत्याही दोन बंद पडलेल्या मासिकांचे अंक क्रमाने मागवा. विद्यार्थ्यांना मजकूर वाचायला लावू नका. प्रत्येक अंकाची पाने, त्यातली जाहिरातींची पाने, कागदाचा पोत, जोडअंक, छपाईस्थळाची बदललेली ओळ आणि मालकाचे नाव, एवढे एका तक्त्यात उतरवायला सांगा. मासिक कोणत्या महिन्यात आजारी पडले ते त्या तक्त्यात दिसते, संपादकीयात ते वर्षभराने येते.

येत्या वर्षीच्या प्रकल्पाच्या १०० गुणांपैकी ४० या कागदांना द्यावेत, असा आमचा प्रस्ताव आहे. दर तुमचे तुम्ही बाजारातून घ्या. कोणताही छापखाना ५,००० प्रतींचे दरपत्रक लेखी देतो. विद्यार्थ्यांनी तीन छापखान्यांची दरपत्रके जोडावीत, आणि त्यांतल्या सर्वांत स्वस्त दरपत्रकात कोणती गोष्ट धरलेली नाही ते शोधून लिहावे. बहुधा ती बांधणी असते, नाहीतर कागदाचे वेस्टेज.

कळावे,
मासिकांची छपाई, वितरण आणि जाहिरात या कामांतली काही मंडळी
मुंबई